सॉफ्टबॉलचं स्कोअरिंग ॲप: आकडे भरपूर, पण पहिला रकाना चुकीचा

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. सॉफ्टबॉलचा स्कोअर फोनवर लिहायचं हे ॲप घेण्यासारखं आहे. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो एकाच गोष्टीसाठी. सामना संपला की बॅटिंगचं जे पहिलं पान उघडतं, त्यात मुलींची नावं बॅटिंग ॲव्हरेजच्या क्रमाने लागून येतात. पालक तेच पान बघतात, मुलीही तेच बघतात, पडदा सरकवून पुढचे रकाने बघायला कुणी जात नाही. आणि माझं ठाम मत असं आहे की सॉफ्टबॉलमधल्या बॅटरचं मोल ठरवायला ॲव्हरेज हा पहिला आकडा नव्हेच. पहिला ऑन-बेस (आउट न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण), दुसरा स्लगिंग (फटके किती बेसचे, याचा आकडा), ॲव्हरेज या दोघांच्या मागे.

ॲपचं नाव देत नाही. या धर्तीची ॲप्स बरीच आहेत, सगळ्यांचा साचा साधारण एकच आहे आणि हा दोषही बहुतेकांत सारखाच. तुमच्या फोनवर जे असेल त्याला हे लावून बघा.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. मुलगी सतरा वर्षांखालच्या गटात खेळते. सर मुलींना शिकवतात, स्कोअरची वही माझ्याकडे असते. त्या वहीच्या जागी आता हे ॲप आलंय.

वापरायला सोपं आहे. प्रत्येक पिचला, म्हणजे पिचरने टाकलेल्या चेंडूला, एक टॅप: बॉल (बाहेरचा, सोडलेला), स्ट्राइक (आतला सोडलेला किंवा हुकलेला), फाउल (बॅटला लागून रेषेबाहेर गेलेला). चेंडू बॅटला लागला की पडद्यावरच्या मैदानात तो जिथे गेला तिथे बोट ठेवायचं, मग कुणी उचलला, कुठे फेकला ते भरायचं. नेट नसलं तरी चालतं, घरी आल्यावर आपोआप वर चढतं. डाव सातच धरलेले असतात. शालेय सामना पाच डावांचा असेल तर सामना सुरू करायच्या आधी तेवढं बदलावं लागतं. मराठी नाही, पण मुलींची नावं देवनागरीत भरता येतात. वर्षाची वर्गणी एका बऱ्या बॅटच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी पडते. सोलापूरच्या उन्हाचं मात्र बघावं लागतं. एप्रिलमध्ये पारा ४२च्या पुढे गेला की पडद्यावर काही दिसत नाही आणि फोन तापून चटका बसतो. छत्री आणि पॉवर बँक, दोन्ही लागतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे निकाल सांगताना धावेलाही सर्रास होमरन म्हणतात. तुमच्याऐवजी दुसरं कुणी स्कोअरला बसणार असेल तर त्याला हे आधी समजावून सांगा. होमरन म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेस, म्हणून ॲपमध्ये ते बटण दाबलं की त्या मुलीच्या खात्यावर चार बेस जमा होतात. वॉकवर (चार बॉल सोडून मिळालेल्या पहिल्या बेसवर) गेलेली आणि दुसऱ्यांच्या चुकांवर घरी आलेली मुलगी स्लगिंगमध्ये संघात पहिली दिसायला लागते, आणि हे दुरुस्त करायला अख्खा सामना परत चाळावा लागतो.

आता मुद्द्याचं. ॲव्हरेज म्हणजे हिट (स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट. हिशेब साधा आहे, पण ॲट-बॅट म्हणजे प्लेटवरची, बॅटिंगच्या जागेवरची, प्रत्येक खेप नाही. वॉक मिळाला, चेंडू अंगावर लागून बेस मिळाला, सॅक्रिफाइस दिला (स्वतः आउट होऊन धावपटूला पुढे नेलं), तर ती खेप ॲव्हरेजच्या हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे चार बॉल सोडून पहिल्या बेसवर गेलेल्या मुलीने ॲव्हरेजच्या लेखी काहीच केलेलं नसतं. चूक नाही आणि कामही नाही.

हे असं का, याला इतिहास आहे. बेसबॉलमध्ये हा हिशेब रुजवणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे, क्रिकेटवर लिहिणारे. वॉक म्हणजे पिचरची चूक, त्यात बॅटरचं श्रेय काय, अशी त्यांची धारणा होती. ती धारणा पुढे शंभर वर्षं टिकली. मध्ये एकदा, १८८७ साली, अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये वॉक हिट म्हणून मोजले गेले. ॲव्हरेज भलतेच फुगले आणि दुसऱ्या वर्षी तो नियम गेला. त्याच १८८७च्या नोव्हेंबरात शिकागोत सॉफ्टबॉलचा जन्म झाला, म्हणजे आपला खेळ जन्मला तेव्हाही हा वाद चालूच होता. ऑन-बेस पर्सेंटेजला तिथल्या मोठ्या लीगने अधिकृत आकडा म्हणून मान दिला तो थेट १९८४ साली.

ऑन-बेस म्हणजे हिट, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज, भागिले ॲट-बॅट, वॉक, अंगावर लागलेले आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला, पण त्यावर धाव आली) यांची बेरीज. सॅक्रिफाइस बंट (चेंडू बॅटने नुसता टेकवून दिलेला) यात धरत नाहीत, कारण तो बहुतेक वेळा सरांच्या खुणेवर दिलेला असतो. थोडक्यात हा आकडा एकच प्रश्न विचारतो: ही पोरगी प्लेटवर गेली तर आउट न होता बेसवर किती वेळा पोचते?

हाच प्रश्न पहिला का? सात डाव, प्रत्येक डावात तीन आउट, म्हणजे सामन्यासाठी संघाकडे २१ आउटचं भांडवल असतं. धावांना मर्यादा नाही, वेळेलाही एरवी नाही, मर्यादा फक्त आउटला. मग जी मुलगी हे भांडवल जपून खर्च करते, तिचं नाव यादीत वर नको का? मोठ्या पातळीवर तर एकेक बेस महाग होत जातो. बीजिंगला २००८ साली जपानने अमेरिकेला ३-१ असं हरवून ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं, आणि टोकियो ऑलिंपिकची अंतिम लढत, जी प्रत्यक्षात २०२१ साली झाली, तीही जपाननेच २-० अशी जिंकली. दोन धावांत सुवर्ण ठरतं, अशा खेळात वॉकला शून्य किंमत देणारा आकडा पहिल्या रकान्यात कसा चालेल?

आमच्या संघातल्या तिघींचे आकडे ठेवतो. तिघीही प्लेटवर ५० वेळा गेलेल्या, म्हणून तुलना सरळ आहे.

आमची लीडऑफ, म्हणजे पहिल्या नंबरची बॅटर: ३६ ॲट-बॅट, १० हिट, त्यातला एकच डबल (दोन बेसचा फटका). पण ११ वॉक, दोनदा चेंडू अंगावर, एक सॅक्रिफाइस बंट. ॲव्हरेज ०.२७८. पाचव्या नंबरची: ४७ ॲट-बॅट, १६ हिट, तिचाही एकच डबल, दोन वॉक, एक सॅक्रिफाइस फ्लाय. ॲव्हरेज ०.३४०. ॲपच्या पहिल्या पानावर ही सगळ्यांच्या वर, आणि लीडऑफ पार खाली.

रकाना बदला. लीडऑफचा ऑन-बेस ०.४६९, पाचव्या नंबरचीचा ०.३६०. जवळपास निम्म्या वेळा बेसवर पोचणारी मुलगी यादीच्या तळाशी पडलेली होती! ते पान व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं त्या संध्याकाळी लीडऑफची आई मला म्हणाली, “भाऊ, हिचं यंदा बॅटिंग बसलं की काय ओ?” तेव्हापासून मी ते पान ग्रुपवर टाकणं बंद केलंय. ऑन-बेसच्या क्रमाने लावलेली यादी स्वतः काढून पाठवतो.

आता तिसरी, चौथ्या नंबरवर खेळणारी. ४२ ॲट-बॅट, १२ हिट: पाच सिंगल, चार डबल, दोन ट्रिपल, एक होमरन. पाच वॉक, एकदा अंगावर, दोन सॅक्रिफाइस फ्लाय. ॲव्हरेज ०.२८६, ऑन-बेस ०.३६०. म्हणजे ऑन-बेसमध्ये ती आणि पाचवी अगदी बरोबरीत, ॲव्हरेजमध्ये तर पाचवी पुष्कळ पुढे. पण चौथीच्या १२ हिटचे २३ बेस झाले आणि पाचवीच्या १६ हिटचे १७. स्लगिंग म्हणजे एकूण बेस भागिले ॲट-बॅट: चौथीचं ०.५४८, पाचवीचं ०.३६२. आपल्या दोन धावपटू बेसवर असताना कुणाला प्लेटवर पाठवायचं, हे सांगायला ॲव्हरेजचा काही उपयोग होत नाही. स्लगिंग ते सांगतं.

ॲपमध्ये ऑन-बेस आणि स्लगिंग यांची बेरीज ओपीएस या नावाने मिळते. घाईत असाल तर हा एकच रकाना बघा, ॲव्हरेजपेक्षा कितीतरी बरा आहे. चौथी ०.९०८, लीडऑफ ०.७७५, पाचवी ०.७२२. क्रम बरोबर लागला. माझ्यातल्या हिशेबनिसाला मात्र ही बेरीज खटकते, कारण दोन्ही अपूर्णांकांचे छेद वेगळे आहेत, आणि त्यात ऑन-बेस आणि स्लगिंग यांचं वजन सारखं धरलं जातं. बेसबॉलच्या अभ्यासकांनी धावांशी ताळा करून दाखवलंय की ऑन-बेसचा एक अंश स्लगिंगच्या एका अंशापेक्षा बराच जास्त मोलाचा असतो. म्हणून एक पद्धत अशी आहे: ऑन-बेसला १.८ ने गुणायचं, त्यात स्लगिंग मिळवायचं, चारने भागायचं. तसं केलं तर चौथी ०.२९९, लीडऑफ ०.२८८, पाचवी ०.२५२. चौथी आणि लीडऑफ यांच्यातलं अंतर किती कमी झालं बघा. मैदानावर रोज बसून मला जे दिसतं ते या आकड्यांत दिसतं: संघ या दोघींवर उभा आहे. एक्सेलमध्ये हे एका ओळीचं सूत्र आहे, ॲपमध्ये असा रकाना करता येत नाही.

आरबीआय, म्हणजे बॅटरच्या खेपेवर घरी आलेल्या धावा, या रकान्याबद्दल मला जास्त राग आहे. पालकांना तो फार आवडतो, “माझ्या मुलीने धावा आणल्या” असं त्यात दिसतं म्हणून. पावसाळ्यातल्या एका सामन्याचा डाव सांगतो. आमची लीडऑफ प्लेटवर. पहिला स्ट्राइक तिने बघून सोडला, दुसरा फाउल. दोन स्ट्राइक डोक्यावर, तिसरा म्हणजे आउट. मग बाहेरचे दोन सोडले, आतल्या दोनांना कशीबशी बॅट लावून फाउल केलं, एक खालचा सोडला, पुन्हा एक फाउल, आणि नववा पिच पायाजवळ पडला. वॉक. पिचरने तेवढ्यात दोनदा दंडाने घाम पुसला होता. पिचरच्या हातून चेंडू सुटला तशी पहिल्या बेसवरून निघून हिने दुसरा बेस चोरला. पुढचा चेंडू कॅचरच्या हातून मागे गेला, ही तिसऱ्यावर. मग आमच्या बॅटरने सेकंड बेसकडे साधा ग्राउंडर मारला, ती पहिल्या बेसवर आउट झाली आणि लीडऑफ घरी आली. सामन्यातली आमची ती पहिली धाव. ॲपने आरबीआय दिला आउट झालेल्या मुलीला. नियमाने तो बरोबरच आहे. लीडऑफच्या ॲव्हरेजमध्ये त्या नऊ पिचचा मागमूसही नाही.

आरबीआय हा बहुतांशी तुमच्या आधीच्या बॅटर किती वेळा बेसवर गेल्या याचा आकडा आहे. नवव्या नंबरवर खेळणारीला तो कुठून मिळणार? संघाच्या आठवणीसाठी ठेवा, मुलींची तुलना त्यावरून करू नका.

त्या नऊ पिचसाठी ॲपमध्ये एक चांगली सोय आहे, आणि ती मला मनापासून आवडते. क्वालिटी ॲट-बॅट नावाचा रकाना असतो. लांबलेली खेप, वॉक, जोरात मारलेला चेंडू (पकडला गेला तरी), धावपटूला पुढे नेणारा बंट, यातलं काय धरायचं ते आपण ठरवायचं. हा काही अधिकृत आकडा नाही, प्रत्येक संघ आपापल्या पद्धतीने मोजतो, म्हणून दुसऱ्या संघाशी तुलनेला तो निरुपयोगी. पण आपल्याच मुलीला “आज तू आउट झालीस तरी तीनपैकी दोन खेपा चांगल्या खेळलीस” हे दाखवून देता येतं, आणि ते ऐकल्यावर पोरींचे चेहरे बदलतात. सर सरावानंतर आता तोच रकाना मागतात.

सॉफ्टबॉलची स्वतःची एक अडचण आहे, ती बेसबॉलवरून आलेल्या या आकड्यांत बसत नाही: स्लॅप. डावखुरी बॅटर, पिचरच्या दिशेने पावलं टाकत धावता धावता चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे) टेकवते आणि तशीच पहिल्या बेसकडे सुटते. बेसमधलं अंतर ६० फूट, आणि चपळ मुलगी तिथे तीन सेकंदांच्या आसपास पोचते. शॉर्टस्टॉपने स्वच्छ उचलून फेकला आणि तरी ही पोचली, तर हिट. पण हिच्या वेगाच्या धाकाने शॉर्टस्टॉपची घाई झाली, चेंडू हातातून निसटला, तर? साध्या प्रयत्नात आउट होण्यासारखी होती असं स्कोअररला वाटलं तर एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक. मग हिच्या नावावर एक ॲट-बॅट चढतो, हिट शून्य. ऑन-बेसमध्येही एररवर पोचलेलं धरत नाहीत. म्हणजे जो दबाव हिने मुद्दाम आणला, त्याची शिक्षा तिलाच.

आमच्या पातळीवर एरर पुष्कळ होतात, त्यामुळे हा फरक लहान नाही. एररवर पोचण्याचा आकडा ॲप ठेवतं, पण सेटिंगमध्ये खोल कुठेतरी दडवलेला. शोधून चालू करावा लागतो. मी स्लॅप करणाऱ्या मुलींसाठी तो ऑन-बेसमध्ये मिळवून वेगळा आकडा काढतो, फक्त सरांसाठी. बाहेर कुठे अर्जावर लिहायचा तर अधिकृत सूत्राचाच लिहितो. आणि हिट की एरर हा निर्णय हंगामभर एकाच माणसाने घ्यावा. आज एक पालक, उद्या दुसरा, असं झालं की प्रत्येकाच्या मुलीचा एरर हिट होतो.

चौदा वर्षांखालच्या गटासाठी माझा सल्ला उलटा आहे. तिथे ऑन-बेसवर फार विसंबू नका. त्या वयात अनेक पिचरना सलग स्ट्राइक टाकताच येत नाहीत, त्यामुळे बॅट खांद्यावर ठेवून उभी राहिलेली मुलगीही बेसवर जाते आणि तिचा ऑन-बेस आमच्या लीडऑफपेक्षा भारी दिसतो. तो आकडा समोरच्या पिचरचा असतो. तिथे बघायचं ते एवढंच: फिरवलेल्या बॅटपैकी किती वेळा चेंडू लागला आणि किती खेपांत स्ट्राइक-आउट झाली. ॲपमध्ये प्रतिस्पर्ध्यानुसार सामने गाळून बघता येतात, ही सोय जरूर वापरा. मोठ्या गटातही मी चांगल्या पिचरविरुद्धचे सामने वेगळे काढून बघतो. लीडऑफचे वॉक तिथेही टिकतात, म्हणून माझा तिच्यावर भरवसा आहे.

ॲप प्रत्येक आकडा दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत दाखवतं, त्यामुळे तो फार नेमका वाटतो. तसा तो नसतो. पाचव्या नंबरचीचे दोन सरपटते चेंडू कुणाच्या तरी हातात गेले असते तर १६ च्या जागी १४ हिट, आणि ०.३४० चे ०.२९८. दोन चेंडूंनी एवढा फरक पडतो. आपल्या मुलींना हंगामात मिळणाऱ्या खेपा थोड्या असतात, म्हणून ०.३४० आणि ०.३२० यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये. ०.४६९ आणि ०.३६० यांतलं अंतर मोठं आहे, त्याकडे लक्ष द्या.

हे सगळं इतकं पोटतिडकीने लिहितोय कारण यावर मुलींचं बरंच काही अवलंबून असतं. जिल्ह्याच्या, विभागाच्या संघात नाव लागलं तर पुढे दहावी-बारावीला क्रीडा गुणांचा विचार होतो, मोठी मजल मारली तर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणापर्यंत वाट जाते. आमच्या संघात विणकर घरांतल्या मुली आहेत, त्यांच्या घरी याचा अर्थ फार मोठा आहे. एका निवडीच्या वेळी आमच्याकडून मागवलेल्या तक्त्यात बॅटिंगसाठी ॲव्हरेज आणि आरबीआय एवढे दोनच रकाने होते. मी शेजारी हाताने ऑन-बेस आणि स्लगिंगचे रकाने आखून भरून दिले. तुम्हीही तसंच करा. कुणी हरकत घेत नाही, उलट विचारतात की हे काय आहे, आणि मग सांगायची संधी मिळते.

शेवटचा एक रकाना राहिला, डब्ल्यूओबीए (वेटेड ऑन-बेस ॲव्हरेज). यात वॉक, सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन यांना धावांच्या हिशेबाने वेगवेगळी वजनं देतात. बेसबॉलमध्ये वॉकला साधारण ०.७, सिंगलला ०.९, होमरनला २ च्या आसपास. कल्पना म्हणून मला हा सगळ्यांत चोख आकडा वाटतो. पण ती वजनं अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या धावांवरून काढलेली आहेत. आमच्याकडे वॉकवर गेलेली चपळ मुलगी दोन पिचमध्ये दुसऱ्या बेसवर असते. तिथला वॉक आणि इथला वॉक एका वजनाचा कसा? ॲप कुठली वजनं लावतं हे कुठेच लिहिलेलं नाही आणि ती बदलताही येत नाहीत. हा रकाना मी बंद करून ठेवलाय.

घेणार असाल तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन रकान्यांचा क्रम बदला: ऑन-बेस, स्लगिंग, ओपीएस, स्ट्राइक-आउट, मग ॲव्हरेज. क्रम बदलतो, पण यादी लावण्याचा आधार ॲव्हरेजच राहतो. प्रत्येक वेळी ऑन-बेसच्या डोक्यावर बोट ठेवून ती पुन्हा लावावी लागते. ॲप बनवणाऱ्यांना मी हे लिहून कळवलंय, अजून बदल झालेला नाही. आणि दर सामन्यानंतर एक्सेलची प्रत उतरवून ठेवा. वर्गणी संपली की जुन्या हंगामांची पानं उघडत नाहीत, आणि निवडीच्या अर्जाला नेमके मागच्या वर्षीचे आकडे लागतात.